स्मरण, वासना आणि पाठ : 'लीळाचरित्रा'च्या संहितेचा एक प्रश्न

'लीळाचरित्रा'च्या पोथ्या वाचणाऱ्या अभ्यासकाला एक शब्द वारंवार थांबवतो. एखादी लीळा सांगून होते आणि पोथीच्या अंगातच तीच लीळा, वा तिचा एखादा तपशील, दुसऱ्या कोणाच्या नावाने थोड्या निराळ्या रीतीने सांगितला जातो. स्थळ बदलते, दोन घटनांचा क्रम उलटतो, प्रसंगी जवळ कोण होते याविषयी वेगळी माहिती येते. या निराळ्या सांगण्याला महानुभावीय परंपरेने 'वासना' म्हटले आहे. रामेश्वरबासांची वासना, परशरामबासांची वासना असा तिचा निर्देश होतो. पाठचिकित्सेच्या सरावाने वाचणारा 'पाठभेद' अशी मनाशी नोंद करतो आणि पुढे सरकतो. या पुढे सरकण्यात नेमके काय सुटते, हा येथे विचारावयाचा प्रश्न आहे.

पाठभेद हा बहुधा लेखनिकाच्या हातून घडतो. अक्षरसाम्यामुळे डोळा फसतो, एक ओळ गळते, समासातली टीप पुढच्या नकलेत मजकुरात शिरते. त्याला कर्ता नसतो आणि हेतूही क्वचितच असतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत पाठभेद ओळखले जातात ते लिपींच्या आणि प्रांतांच्या नावांनी : शारदा, देवनागरी, ग्रंथ, मल्याळम. विष्णु सीताराम सुखटणकरांनी आदिपर्वाच्या १९३३ च्या प्रस्तावनेत आपण सिद्ध केलेली संहिता ही व्यासांची मूळ संहिता नव्हे, उपलब्ध हस्तलिखितांवरून गाठता येईल तितके प्राचीन रूप आहे, एवढाच मर्यादित दावा केला. हा संयम अनुकरणीय खराच. परंतु त्या पद्धतीचे गृहीतक असे की, भेद ही मुळापासून झालेली च्युती असते. 'वासने'च्या बाबतीत हे गृहीतक चालत नाही. ती जाणूनबुजून ठेवलेली आहे, तिला कर्ता आहे, आणि त्या कर्त्याचे नाव पुसावे असे कोणालाही वाटलेले नाही.

असे का झाले असावे हे समजण्यासाठी ग्रंथाच्या घडणीकडे पाहावयास हवे. श्रीचक्रधरांच्या उत्तरापंथगमनानंतर त्यांचा परिवार नागदेवाचार्यांच्या, म्हणजे भटोबासांच्या, नेतृत्वाखाली ऋद्धिपूर येथे गोविंदप्रभूंच्या सन्निधानात राहिला. नागदेवाचार्य एकांतात बसून सर्वज्ञांच्या लीळांचे मनन करीत असत. म्हाइंभटांनी ते पाहिले, विचारले, आणि या लीळा लिहून ठेवाव्यात असे सुचविले, असे परंपरा सांगते. नागदेवाचार्यांनी सांगितलेल्या लीळा लिहून घेतल्यावर म्हाइंभट थांबले नाहीत. ज्या ज्या प्रसंगी जे जे हजर होते त्यांच्याकडे जाऊन त्यांनी त्या पडताळल्या. शके १२०० (इ. स. १२७८) च्या सुमारास सिद्ध झालेला हा ग्रंथ पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत परिवाराच्या हातून गेला, आणि ज्यांना तो मुखोद्गत होता त्यांच्या स्मरणातून त्याची पुन्हा जुळणी करावी लागली, असेही परंपराच सांगते. हिराइसा ही साधिका तिच्या असामान्य पाठशक्तीसाठी ख्यात होती. 'हिराइसा पाठ' हे नाव तिच्यावरून आले. त्याखेरीज 'पिढीपाठ' आहे, आणि रामेश्वरबास, परशरामबास यांच्या वासना आहेत.

म्हणजे या ग्रंथात स्मरणाचे दोन थर आहेत आणि ते एकमेकांत मिसळू देता कामा नयेत. पहिल्या थरात आठवली जाते ती घटना : गोसावी अमुक ठिकाणी होते, अमुक म्हणाले. दुसऱ्या थरात आठवला जातो तो ग्रंथ. म्हाइंभटांचे साक्षीदार 'असे घडले' म्हणत होते. हिराइसा आणि तिच्यानंतरचे लोक 'असे लिहिलेले होते' म्हणत होते. वासनांचा प्रश्न प्रामुख्याने दुसऱ्या थराचा आहे. तरीही ग्रंथ आठवताना पहिल्या थराचीच शिस्त वापरली गेली, म्हणजे सांगणाऱ्याचे नाव सांगण्यापासून तोडावयाचे नाही हा नियम पाळला गेला, हे विशेष आहे. हरवलेली पोथी पुन्हा लिहिताना ती एकसंध, निःशंक स्वरूपात लिहिण्याचा मोह होणे स्वाभाविक होते. शिवाय धर्मग्रंथाच्या बाबतीत निःशंकतेची गरज अधिकच. तो मोह टाळला गेला.

स्मरणाविषयी बोलताना सर्वांत सोपी प्रतिमा कोठाराची असते. माहिती आत जाते, साठते, हवी तेव्हा बाहेर काढली जाते. बिघाड झाला तर कोठाराला उंदीर लागले असे म्हणावयाचे. प्लेटोने 'थिएटेटस'मध्ये मेणाच्या पाटीची आणि पक्ष्यांच्या पिंजऱ्याची अशा दोन प्रतिमा घेऊन पाहिल्या आणि दोन्ही अपुऱ्या ठरविल्या. तरी कोठाराची कल्पना टिकून राहिली. हेर्मान एबिंगहाउसने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले तेव्हा त्याने अर्थाचा संसर्ग टाळण्यासाठी निरर्थक अक्षरसमूह पाठ केले. विस्मरणाचा वेग त्यामुळे मोजता आला, हे त्याचे श्रेय. परंतु निरर्थकाचे स्मरण हे माणसाच्या नित्याच्या स्मरणाहून इतके दूरचे आहे की, साहित्याच्या अभ्यासकाला त्या आलेखाचा फारसा उपयोग होत नाही.

फ्रेडरिक बार्टलेट याचे 'रिमेंबरिंग' हे १९३२ चे पुस्तक मात्र साहित्यविचाराला जवळचे आहे, कारण त्यातील प्रयोगाची सामग्रीच एक कथा आहे. फ्रान्झ बोआसने अनुवादिलेली उत्तर अमेरिकेतील आदिवासींची 'भुतांचे युद्ध' ही कथा त्याने केंब्रिजमधील वाचकांना वाचावयास दिली आणि काही काळाने, पुढे आणखी काळाने, ती पुन्हा सांगावयास लावली. कथा आखूड होत गेली. तिच्यातील अनाकलनीय भाग गळाले, होडग्याची साधी बोट झाली, सीलच्या शिकारीची मासेमारी झाली, आणि भुतांचा भाग तर अनेकांच्या सांगण्यातून नाहीसाच झाला. बार्टलेटचा निष्कर्ष असा की, आठवणे म्हणजे साठवलेले बाहेर काढणे नव्हे. पूर्वानुभवातून मनात तयार झालेल्या आकृतिबंधांच्या साहाय्याने गत गोष्ट पुन्हा रचणे, ती आपल्या जगात बसेल अशी करणे, हे आठवण्याचे स्वरूप आहे. हा निष्कर्ष आज मानसशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात आढळतो, आणि मौखिक परंपरांच्या अभ्यासकांनी तो हौसेने उचलला आहे.

हौसेने उचललेले उसने नेहमी तपासून घ्यावे. बार्टलेटच्या वाचकांना त्या कथेशी काही देणेघेणे नव्हते. ती परक्या लोकांची कथा होती; ती चुकीची सांगितली तर कोणाचे काही बिघडणार नव्हते; दुसरा कोणी येऊन 'असे नव्हे' म्हणणारा नव्हता. ऋद्धिपूरच्या परिवारात यांपैकी एकही अट पुरी होत नाही. तेथे आठवणारा एकटा नव्हता. मोरीस हाल्बवाक्सने १९२५ साली मांडले की, व्यक्तीची आठवण समूहाच्या चौकटीत उभी राहते, त्या चौकटीबाहेर ती टिकत नाही. महानुभावांच्या परिवारात ही चौकट अमूर्त नव्हती. महदाइसेसारखी प्रश्न विचारून खोलात शिरणारी स्त्री त्या परिवारात होती, आणि दुरुस्त करणारे, विरोध करणारे, आठवण करून देणारे लोक शेजारी बसलेले होते. आणि मुख्य म्हणजे, ज्याचे स्मरण करावयाचे ते चुकले तर मोक्षाचे साधन चुकले, अशी त्यांची श्रद्धा होती. अशा ठिकाणी आठवण रचली जात नाही असे नाही. तीही रचलीच जाते. परंतु रचनेला येथे पहारेकरी आहेत. बार्टलेटच्या सिद्धांताने 'लीळाचरित्र' उलगडते असे म्हणणारा आणि त्या सिद्धांताला हा ग्रंथ खोटा पाडतो असे म्हणणारा, दोघेही घाई करतात.

म्हाइंभटांच्या पडताळणीकडे अधिक बारकाईने पाहिले तर ओळखणे आणि आठवणे यांतील फरकाचा प्रश्न समोर येतो. नागदेवाचार्यांनी केले ते आठवणे : समोर काही नसताना, केवळ मननातून, गत प्रसंग उभा करणे. म्हाइंभट साक्षीदाराकडे गेले तेव्हा त्यांच्या हाती नागदेवाचार्यांचे कथन होते. 'हे असे घडले का?' या प्रश्नाला उत्तर देणे हे ओळखण्याच्या जवळचे काम आहे. न्यायशास्त्राने हा भेद काटेकोरपणे केला आहे. केवळ संस्कारातून उपजते ती स्मृती. संस्कार आणि समोरच्या वस्तूचे इंद्रियज्ञान अशा दोहोंतून उपजते ती प्रत्यभिज्ञा, 'तोच हा' असे ज्ञान. साक्षीदारासमोर अर्थातच प्रसंग नव्हता, त्याचे शब्दरूप होते. म्हणून तिला काटेकोर अर्थाने प्रत्यभिज्ञा म्हणता येणार नाही. पण कार्य तेच : समोर आलेले आणि आत असलेले जुळवून पाहणे. ओळखणे सामान्यतः सोपे, आणि सोपे म्हणूनच धोक्याचे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली दाखविले की, मोटारींच्या अपघाताची चित्रफीत पाहिलेल्यांना प्रश्न विचारताना 'आदळल्या' ऐवजी अधिक जोरकस क्रियापद वापरले तर ते मोटारींचा वेग वाढवून सांगतात. इतकेच नव्हे, आठवड्यानंतर न फुटलेल्या काचा फुटलेल्या आठवतात. प्रश्नातला शब्द आठवणीत शिरतो. आचार्यांचे कथन घेऊन आलेल्या म्हाइंभटांपुढे सामान्य साधकाने मान डोलावली असेल तर ती पुष्टी मानावयाची की आज्ञाधारकपणा?

या शंकेचे पूर्ण निरसन होण्यासारखे नाही. पण तिच्या उजेडात मतभेदांचे मोल वाढते. जेथे सर्वांचे एकमत आहे तेथे ते स्वतंत्र आठवणींचे आहे की एकाच आठवणीच्या पडसादांचे, हे सांगता येत नाही. जेथे कोणी 'असे नव्हे, तसे' म्हणाले आणि ते लिहिले गेले, तेथे निदान दोन स्मरणे स्वतंत्र होती एवढे निश्चित होते. पाठचिकित्सेच्या नित्याच्या हिशेबात भेद ही उणी बाजू असते. येथे ती पुराव्याची बाजू आहे.

मराठी भाषेचा या बाबतीतला कौल लक्षणीय आहे. मराठीत 'मी त्याला ओळखले' असे म्हणतात. ओळखणारा कर्ता असतो. पण 'मला ते आठवते'. येथे आठवणारा चतुर्थीत जातो, आठवण त्याच्याकडे येते. 'मला विसर पडला' यातही तसेच. मुद्दाम प्रयत्न करावयाचा झाला तर 'आठवून पाहतो' असे संयुक्त क्रियापद लागते, आणि त्यातील 'पाहतो' मध्ये यशाची खात्री नसते. संप्रदायाने आचाराचा भाग म्हणून सांगितलेले 'स्मरण' या व्याकरणाच्या विरुद्ध दिशेने जाते. स्मरण 'करावयाचे' असते. जे आपोआप यावयाचे ते विधी म्हणून करावयास सांगितले, तर त्यासाठी साधने निर्माण करणे भाग पडते.

आणि येथे खरी अडचण उभी राहते. पतंजलीच्या योगसूत्रांत स्मृतीच्या व्याख्येत 'असंप्रमोष' हा शब्द आहे. त्यातील 'मुष्' धातूचा अर्थ चोरणे. अनुभवलेला विषय चोरीला न जाणे म्हणजे स्मृती. (पोथी गेली तरी असंप्रमोष राहिला, असे हिराइसेविषयी म्हणता येईल.) या व्याख्येत 'अनुभवलेला' ही अट आहे. नागदेवाचार्यांना, बाइसांना, महदाइसेला ती लागू पडते. परंतु ज्याने श्रीचक्रधरांना पाहिलेच नाही अशा तिसऱ्या-चौथ्या पिढीतील साधकानेही नाम, मूर्ती, लीळा आणि चेष्टा यांचे स्मरण करावयाचे आहे. न अनुभवलेल्याचे स्मरण कसे करावयाचे? लीळा ऐकून जे होते ते शास्त्रदृष्ट्या शब्दप्रमाणाने झालेले ज्ञान; पुढे ते आठवले तर आठवते ते ऐकणे, पाहणे नव्हे. एन्डेल टल्व्हिंग यांनी १९७२ साली घटनास्मृती आणि अर्थस्मृती यांत जो भेद केला, आणि १९८५ साली 'आठवते' व 'ठाऊक आहे' या दोन उत्तरांतून प्रयोगात जो तपासला, तोच हा भेद. चक्रधर ऋद्धिपुरास गेले होते हे ठाऊक असणे आणि ते तेथे जाताना आठवणे या दोन गोष्टी आहेत. संप्रदायाला दुसरी हवी होती, आणि ती उपलब्ध होण्याची सोय कालगतीने बंद झालेली होती.

'लीळाचरित्रा'चे गद्य हे या अडचणीवरचे उत्तर आहे, असा येथे मांडावयाचा मुख्य मुद्दा आहे. या गद्याची स्तुती मराठी समीक्षेने पुष्कळ केली. ते निराडंबर आहे, वास्तवदर्शी आहे, यादवकालीन समाजाचे चित्र त्यात आहे, हे सर्व खरे आहे. पण ही स्तुती आधुनिक वास्तववादी कादंबरीच्या वाचकाने केलेली आहे, किंवा समाजेतिहासाची साधने गोळा करणाऱ्याने. म्हाइंभटांना समाजचित्रण करावयाचे नव्हते. पूजावसर झाला, गोसावी विहरणास गेले, अमुक देवळाच्या अमुक बाजूस आसन झाले, जवळ अमुक होते. एवढा तपशील लीळेगणिक येतो. तो वातावरणनिर्मितीसाठी असता तर इतका एकसुरी नसता. ज्याने पाहिले नाही त्याला डोळे मिटून प्रसंग उभा करता यावा, यासाठी जेवढे लागते तेवढेच तेथे दिले जाते : जागा, वेळ, देहाची ठेवण, उच्चारलेले शब्द. भाव सांगितला जात नाही, कारण भाव साधकाचा स्वतःचा असावयाचा आहे. उपमा-उत्प्रेक्षांचा अभावही अलंकाराविषयीच्या अनास्थेतून आलेला नाही. सादृश्य आणले की स्मरण दुसऱ्या वस्तूकडे वळते.

एकसुरीपणाचा दुसरा उपयोग धारणेचा आहे. मिलमन पॅरी आणि त्याचा शिष्य आल्बर्ट लॉर्ड यांनी युगोस्लाव्ह गायकांच्या अभ्यासातून दाखविले की, मौखिक महाकाव्याचा गायक ओळी पाठ करीत नाही. वृत्तात बसणाऱ्या ठराविक शब्दबंधांतून तो काव्य दर वेळी नव्याने रचतो. लॉर्डचा 'द सिंगर ऑफ टेल्स' १९६० साली आला तेव्हापासून 'सूत्रबंध' हा मौखिकतेचा परवलीचा शब्द झाला. 'लीळाचरित्रा'तही पूजावसर, विहरण, 'बिजें' करणे, आरोगणा अशी ठराविक वळणे आहेत. मात्र येथे वृत्त नाही, म्हणून वळणाचे कारणही वृत्त असू शकत नाही. ही दिवसाची वळणे आहेत. सर्वज्ञांची दिनचर्या हाच येथला छंद. तो ठाऊक असला की लीळेची चौकट स्मरणावर भार टाकीत नाही, आणि सगळा भार त्या दिवशी जे एकदाच घडले त्यासाठी मोकळा राहतो. चौकटीतले तपशील एका लीळेतून दुसरीत सरकण्याची शक्यता मात्र यामुळेच वाढते. वासनांतील मतभेद स्थळ, क्रम आणि उपस्थिती यांविषयी व्हावेत, हे या दृष्टीने अपेक्षितच ठरते.

'एकांक' या भागाची तुलना येथे उद्बोधक आहे. तो श्रीचक्रधरांच्या एकाकी भ्रमंतीचा काळ. तेथे परिवार नव्हता, म्हणून साक्षीदारही नव्हता. जे कळले ते पुढे त्यांनीच प्रसंगोपात्त सांगितल्यामुळे. म्हणजे एकांकातील लीळा ही आठवणीची आठवण आहे : आधी सर्वज्ञांची, मग ऐकणाऱ्याची. त्या भागाचे गद्यही बदलते. दिवसाची वळणे विरळ होतात, कथेचा घाट दिसू लागतो, अद्भुताला वाव मिळतो. लेखक एकच असताना हा बदल शैलीच्या हौसेने झाला असे म्हणण्यापेक्षा पुराव्याच्या प्रकाराने झाला असे म्हणणे अधिक सयुक्तिक आहे.

'लीळाचरित्रा'तून केसोबासांनी 'सूत्रपाठ' निवडून काढला तेव्हा नेमकी उलटी प्रक्रिया घडली. श्रीचक्रधरांची वचने प्रसंगातून उचलून, सांगितल्याचे स्थळ-काळ बाजूस ठेवून, त्यांची विषयवार मांडणी झाली. टल्व्हिंगच्या परिभाषेत घटनास्मृतीची अर्थस्मृती झाली. सूत्र पाठ करता येते, त्याच्यावर विचार करता येतो, वादात ते पुढे करता येते. त्याला साक्षीदार लागत नाही. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांनी सूत्रपाठाला ग्रंथाचा गाभा आणि लीळांना त्याचे टरफल मानावे, हे त्यांच्या दृष्टीने ठीकच आहे. पण संप्रदायाचे मन तेवढ्यावर भरले नाही. पुढे 'प्रकरणवश' हा ग्रंथप्रकारच निर्माण झाला, आणि त्याचे काम एवढेच की, प्रत्येक सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून, कशावरून निघाले ते पुन्हा सांगावयाचे. ज्या प्रसंगातून वचन मोकळे केले तो प्रसंग त्याला परत जोडावयाचा! टल्व्हिंग आणि डोनाल्ड थॉमसन यांनी १९७३ साली दाखविले की, एखादी गोष्ट मनात शिरताना जे संदर्भ तिच्याबरोबर शिरले तेच तिला परत आणणाऱ्या खुणा म्हणून सर्वाधिक उपयोगी पडतात. इतके की, योग्य खूण मिळाली तर जो शब्द समोर दिसूनही ओळखता आला नाही तो आठवता येतो. प्रकरणवशकारांना हे प्रयोगाने कळले नव्हते. प्रसंग गमावलेले वचन हळूहळू कोणाचेही वचन होते, ही त्यांची चिंता होती.

खुणांच्या या विचाराची टोकाची परिणती 'स्थानपोथी'त दिसते. श्रीचक्रधर जेथे जेथे राहिले, बसले, आरोगणा केली त्या स्थानांची ही जंत्री. गावातील देऊळ कोणते, दार कोणत्या दिशेस, आसन कोठे झाले, हे तिच्यात नोंदलेले असते. वाङ्मय म्हणून ती वाचणे कठीण. युरोपीय वक्तृत्वशास्त्रात भाषण लक्षात ठेवण्यासाठी मनात एक इमारत कल्पून तिच्या दालनांत मुद्दे ठेवण्याची युक्ती होती. ग्रीक कवी सायमनिडीस हा तिचा जनक मानला जातो, आणि फ्रान्सिस येट्स यांनी १९६६ साली 'द आर्ट ऑफ मेमरी'त तिचा इतिहास लिहिला. स्थानपोथी त्या युक्तीच्या जवळ जाते, पण एका ठिकाणी निर्णायक फरक आहे. सायमनिडीसची दालने कल्पित, कोणत्याही आशयाला वापरता येणारी होती. महानुभावांची स्थाने भूमीवर आहेत, त्यांवर ओटे बांधलेले आहेत, आणि एका स्थानावर दुसरी लीळा ठेवता येत नाही. न्यायसूत्रांत स्मृती जागवणाऱ्या कारणांची पंचवीसाहून अधिक नावे असलेली एक लांबलचक यादी आहे. प्रणिधान, अभ्यास, सादृश्य, भय अशी अपेक्षित नावे तिच्यात येतात. 'आश्रय' आणि 'वियोग' हीही येतात. वस्तूचे अधिष्ठान तिची आठवण देते आणि तिचे नसणेही देते. ऋद्धिपूरच्या परिवाराचे सगळे वाङ्मय या दोन कारणांच्या मधल्या जागेत उभे आहे. त्यातील एका ग्रंथाचे नावच 'स्मृतिस्थळ' असावे, आणि अ‍ॅन फेल्डहाउस व शं. गो. तुळपुळे यांनी त्याच्या १९९२ च्या इंग्रजी अनुवादाला देवाच्या अनुपस्थितीचा निर्देश करणारे शीर्षक द्यावे, यात या दोन्ही बाजू आपोआप येऊन गेल्या.

'वासना' या शब्दाकडे पुन्हा वळताना सावधगिरी हवी. संस्कृत काव्यशास्त्रात हा शब्द सुप्त संस्कारांसाठी येतो. सहृदयाच्या ठिकाणी ते अनादि संस्कार असतात म्हणून रसप्रतीती संभवते, असे अभिनवगुप्त म्हणतो. 'शाकुंतला'च्या पाचव्या अंकात हंसपदिकेचे गाणे ऐकून दुष्यंताला कारण न कळता जी हुरहूर लागते, तिच्या संदर्भात तेथील 'स्मृती' ही तार्किकांची स्मृती नव्हे असेही त्याने बजावले आहे. हा विचार महानुभावीय 'वासने'ला लावून 'प्रत्येक स्मरणकर्त्याच्या सुप्त संस्काराने रंगलेली लीळा' असा अर्थ काढणे मोहक आहे, पण केवळ शब्दसाम्यावर एवढी इमारत उभारता येत नाही. पोथीतील प्रयोगावरून 'वासना' म्हणजे अमक्याच्या स्मरणात असलेले रूप, एवढाच अर्थ खात्रीने निघतो. काव्यशास्त्रातील वासना अनामिक आणि सर्वसाधारण आहे. तिच्यामुळे सर्व सहृदय एक होतात. पोथीतील वासना सनाम आणि विशिष्ट आहे. ती स्मरणकर्त्यांना वेगळे ठेवते. दोन अर्थ एकाच धातूचे असले तरी दिशा विरुद्ध आहेत, आणि हा विरोधच अधिक बोलका आहे.

संपादनाचा प्रश्न येथे अटळ होतो. ह. ना. नेने यांनी १९३० च्या दशकात आरंभिलेले प्रकाशन, तुळपुळे यांची १९६० च्या दशकातील आवृत्ती आणि वि. भि. कोलते यांनी १९७८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य-संस्कृती मंडळातर्फे सिद्ध केलेली आवृत्ती, या तिन्हींत लीळांची संख्या आणि क्रम सारखे नाहीत. सांकेतिक लिपीत दडलेला हा ग्रंथ वाचकाच्या हाती देणाऱ्या या संपादकांचे ऋण मोठे आहे आणि त्यांच्या निर्णयांना हस्तलिखितांचा आधार आहे. परंतु मूळ पाठाचा शोध हा आदर्श त्यांच्या डोळ्यांपुढे होता, आणि त्या आदर्शात वासना ही वाटेतली पायरी ठरते. तिच्यावरून मुळाकडे जावयाचे असते. येथवरचे विवेचन मान्य केले तर मूळ हेच अनेक स्मरणांचे एकत्र बसणे होते. म्हाइंभटांची हरवलेली पोथी उद्या सापडली तरी तिच्यातही नागदेवाचार्यांचे स्मरण आणि इतरांची साक्ष हा जोड असणारच.

असे म्हणण्याने सर्व वासना सारख्याच विश्वसनीय ठरतात असे मात्र नव्हे. अलीकडच्या समीक्षेत संहितेचे अनेकत्व हे स्वतःच मूल्य मानण्याची जी प्रवृत्ती आहे तिला 'लीळाचरित्रा'चा आधार घेता येणार नाही. म्हाइंभट साक्षीदार शोधीत फिरले ते अनेकत्व साजरे करण्यासाठी नव्हे. घडले ते एकच होते आणि ते कळावे अशी त्यांची धडपड होती. नाव लावून मतभेद ठेवणे याचा अर्थ निवाडा टाळणे असा नाही. निवाडा करणाऱ्याच्या हाती पुरावा राहू देणे असा तो आहे. कोणत्या पाठाला कोणता प्रसंग जवळून ठाऊक असण्याचा संभव होता, कोणाचा गुरु त्या स्थळी हजर होता, हे तपासता येते ते नाव शिल्लक असेल तरच.

अशी तपासणी करू देणारी आवृत्ती अद्याप व्हावयाची आहे. तिच्यात वासना तळटीपेत जाणार नाहीत. लीळेच्या शेजारी, स्मरणकर्त्याच्या नावाखाली, समान टंकात येतील, आणि प्रत्येक लीळेबरोबर स्थानपोथीतील स्थळनिर्देश व प्रकरणवशातील प्रसंग जोडलेला असेल. संपूर्ण ग्रंथाची अशी आवृत्ती हे मोठे काम आहे. आरंभ 'एकांका'पासून करता येईल. तो भाग तुलनेने लहान आहे, आणि सांगणाऱ्यांची साखळी तेथेच सर्वांत लांब आहे.